फणसाखालचं न झाडलेलं अंगण

फणसाच्या झाडाखाली गवत लावायला जाऊ नये, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यात शेवटी मला कळली. सासूबाईंना ती उपजतच माहीत होती, बायकोला त्यांच्याकडून वारशाने मिळाली होती. मला ती कळायला नोकरीतून निवृत्त व्हावं लागलं, दोन पावसाळे चिखलात काढावे लागले आणि घरात सगळी धडधाकट असताना लोकांकडून सांत्वन करून घ्यावं लागलं.

आमचं घर मारतहळ्ळीच्या अलीकडे, एका सरकारी कारखान्यातल्या लोकांनी मिळून घेतलेल्या लेआउटमध्ये आहे. प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला नाचणीची शेतं होती आणि प्लॉटच्या पुढच्या भागात हा फणस होता. आराखडा काढणारा म्हणाला, झाड काढा. आम्ही म्हटलं, घर मागे घ्या. आमच्या तरुणपणातला हा एकमेव उदात्त निर्णय. त्याचा परिणाम असा, की आजही आमच्या स्वयंपाकघरात दोघांनी एकदम वळायचं म्हटलं तर एकाला मागच्या दाराने बाहेर जावं लागतं. पण झाड राहिलं. वाढलं. इतकं वाढलं की भर दुपारी पुढच्या खोलीत दिवा लावून पेपर वाचावा लागतो. खाली अंगणात ऊन पोचत नाही. पोचतात ती फणसाची जाड, चामड्यासारखी पानं, आणि हंगामात एखादा फणस, तोही आपण खालून जायची वाट बघून.

तर ते अंगण म्हणजे उघडी तांबडी माती. पावसात तिचा जो चिखल होतो, तो साबणाला लाजवेल. दोन वर्षांपूर्वी सासूबाई फाटकाकडून दाराकडे येताना त्यात घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. त्या बेळगावहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या त्यालाही बरीच वर्षं झालीत. पडल्या तरी त्यांचा आवाज खणखणीत होता. चिखलात बसूनच म्हणाल्या, "जावई, आधी हसून घ्या, मग उचला."

मी हसलो नाही. बायको तर नाहीच. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिने जाहीर केलं, की अंगणभर सिमेंटचे ब्लॉक बसवायचे. फाटकापासून दारापर्यंत आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"आणि फणस?" मी विचारलं.

"फणसाला कोण काय करतंय? त्याच्या बुंध्याला चिकटून बसवायचे."

समोरच्या घरी असंच केलं होतं. त्यांच्या आंब्याला बुंध्यापर्यंत ब्लॉकची बंडी घातली. आंबा वरून वाळत आला, फांद्या गाडीवर पडायला लागल्या आणि शेवटी एका सकाळी करवत आली. मी बायकोला आंब्याची ही सगळी कहाणी सांगितली. तिने ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "मग आईचा पाय मोडला तरी चालेल?"

या प्रश्नाला नवऱ्याकडे उत्तर नसतं, असू नये. मी वेळ मागून घेतला. माती झाकली गेली की चिखल नाही, चिखल नाही तर ब्लॉक नाहीत, आणि ब्लॉक नाहीत तर फणस जगला. येत्या गौरी-गणपतीपर्यंत अंगण हिरवं करून दाखवतो, नाही झालं तर मीच मेस्त्रीला फोन करीन, असा शब्द देऊन बसलो. बायकोने हा शब्द सासूबाईंच्या साक्षीने घेतला. तिला माझे शब्द माहीत आहेत.

पहिल्यांदा मी नर्सरीतून हिरवळीच्या तयार गुंडाळ्या आणल्या. इथे बंगल्याबंगल्यांत असते तीच, मेक्सिकन म्हणतात. सतरंजी अंथरावी तशी अंथरली. महिन्याभरात ती मेक्सिकोला परत गेली. खाली उरलं ते गोणपाटाच्या रंगाचं काहीतरी. मग सासूबाई म्हणाल्या, लावायचंच असलं तर दूर्वा लावा, दूर्वेला मरण नसतंय. त्यांनी ओळखीतून दूर्वांच्या काड्या मागवल्या, मी त्या शास्त्रशुद्ध अंतरावर रोवल्या. दूर्वेलाही मरण असतंय. ऊन नसलं की असतंय. गणपतीला ज्यांच्या जुड्या वाहायच्या, त्यांची आमच्या दारात झालेली ती अवस्था बघून बायको दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होती. आता देव कोणावर कोपेल, हे तिला नीट ठरवता येत नव्हतं.

अशा पडत्या काळात आम्ही सकलेशपूरकडे एका ओळखीच्यांच्या कॉफीच्या मळ्यावर गेलो. तिथे मोठमोठ्या झाडांची दाट सावली, खाली कॉफी, आणि कॉफी संपते तिथे झाडांच्या बुडाशी सगळीकडे एक गवत. बोटभर रुंदीची, कडेला लाटा आल्यासारखी पानं, जमिनीला धरून पसरलेलं, ऊन नाही म्हणून कसलीही तक्रार नाही. मी जागच्या जागी थांबलो. मळ्याच्या व्यवस्थापकाला म्हटलं, याचं नाव काय?

तो म्हणाला, "हुल्लु, सार."

हुल्लु म्हणजे कन्नडमध्ये गवत. मी म्हटलं, ते ठीक आहे, पण कुठलं? त्याने माझ्याकडे, मग गवताकडे, मग परत माझ्याकडे बघितलं आणि समजुतीने म्हणाला, "काडु हुल्लु." म्हणजे रानातलं गवत. एवढ्यावर त्याचं वनस्पतिशास्त्र संपलं आणि माझं सुरू झालं.

आणावं कसं हा प्रश्न गवतानेच सोडवला. त्याचं बी चिकट असतं. मी तासभर त्यात उभा राहिलो होतो. घरी आलो तेव्हा माझी पँट, मोजे, बुटाच्या नाड्या, सगळ्याला बी चिकटलेलं. बायको ती पँट घेऊन पायरीवर बसली आणि एकेक बी ओढून काढताना तिने माझ्या माहेरच्या... म्हणजे माझ्या आईकडच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. मी तिच्यासमोर वाटी धरून उभा होतो. म्हणालो, "टाकू नकोस, टाकू नकोस, यात द्या." एरवी मी तिला अहोजाहो करत नाही, तेव्हा तोंडातून गेलं.

इथून पुढे मी जे केलं ते वाचताना लक्षात घ्या, की मी कारखान्यात आयुष्यभर तपासणी विभागात होतो. कोणतीही वस्तू नुसती तयार होते यावर आमचा विश्वास नसतो. ती मोजली पाहिजे, दाबून बघितली पाहिजे आणि अधूनमधून एखादी तोडून बघितली पाहिजे.

आधी मी माती इतकी भुसभुशीत केली की मांजर तिला आपलंच स्वच्छतागृह समजलं. मग बी टाकून वर नळीने पाणी दिलं. पाण्याचा जोर, आणि अंगणाला रस्त्याकडे असलेला उतार, यांचा विचार मी नंतर केला. बी सगळं वाहत वाहत फाटकाखालून गेलं आणि शेजाऱ्यांच्या भिंतीलगतच्या गटारीत काय सुंदर उगवलं! मी रोज तिथे वाकून बघायचो. शेजारी आमच्याच कारखान्यातले, म्हैसूरकडचे, निवृत्त, आणि त्यांची गाडी कायम आमच्या फाटकात अर्धी लावणारे. एकदा त्यांनी विचारलं, "काय सार, काही पडलंय का?" मी म्हटलं, नाही, बघतोय. त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणूस लावून गटार खरवडून घेतली. मला वास येत असावा आणि मी सभ्यपणामुळे बोलत नसावा, असं त्यांना वाटलं.

वाटीत थोडं बी उरलं होतं. त्यातलं बरंचसं या वेळी मी हाताने पेरलं, झारीने पाणी घातलं, आणि खरंच, पावसाच्या सुरुवातीला फणसाखाली बारीक हिरव्या जिभा दिसायला लागल्या. मी घरातल्या दोघींना बोलावून दाखवलं. बायको म्हणाली, "कुठंय?" सासूबाई म्हणाल्या, "ते शेवाळ हाय."

मग सुरू झाली तपासणी. रविवारी रविवारी मी एखादं रोप अलगद उपटून मुळं किती खोल गेली ते बघायचो आणि परत लावायचो. परत लावलेलं रोप मरायचं. मग पुढच्या रविवारी, हे का मेलं ते कळावं म्हणून, शेजारचं उपटायचो. कारखान्यात याला नमुना चाचणी म्हणतात आणि तिथे नमुना गेला तरी माल उरतो. इथे माल उरेना.

आणि यावर कडी म्हणजे खराटा. निवृत्त झाल्यावर बायकोने घरातलं एकच काम माझ्यावर विश्वासाने सोपवलं होतं. सकाळी अंगण झाडायचं. मी ते जीव ओतून करायचो. फणसाचं एक पान दिसता कामा नये, मातीवर खराट्याचे फराटे असे समांतर उठले पाहिजेत. त्यावर बायको सडा घालणार, दारात आणि फाटकाशी रांगोळी काढणार. त्या फराट्यांमध्ये जी रोपं रविवारच्या तपासणीतून वाचली होती ती रोज सकाळी थोडी थोडी सुपलीत जात होती. मी हिरवं काही दिसलं की खराटा उचलायचो, नाही असं नाही. पण चष्मा मी आंघोळीनंतर लावतो.

आमची मुलगी कोरमंगल्यात राहते. एकाच शहरात राहतो, त्यामुळे भेटी फार होत नाहीत. पुण्यात असती तर विमानाने लवकर आली असती. तिला मी फोनवर माझं दुःख सांगितलं. माती, पाणी, खत, झाडणं, सगळं कसं वेळच्या वेळी चाललंय आणि तरी कसं काही येत नाही.

ती म्हणाली, "बाबा, जंगलात कोण झाडतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या त्या मळ्यात सकाळी उठून खराटा मारत होतं का कोणी? पानं पडतात, कुजतात, त्यातनं ते येतं. तुम्ही पानंपण काढता, रोपंपण काढता आणि मग मला फोन करता. प्लीज, काहीच करू नका. करू शकाल? काहीच नाही करायचं?"

मला राग आला. राग यासाठी की ते खरं होतं, आणि यासाठीही, की काहीच न करणं हे मी निवृत्तीनंतर सगळ्यात जास्त टाळत आलो होतो.

तर मी खराटा ठेवला. माती हलवली नाही, पानं उचलली नाहीत. उरलंसुरलं बी पानांवर भिरकावून दिलं आणि बायकोला सांगितलं, की यापुढे अंगण झाडायचं नाही.

ती देवघरात होती. बाहेर आली. "परत म्हणा."

मी परत म्हटलं.

"आणि रांगोळी कुठं काढू? कचऱ्यावर?"

"कचरा नाही तो. पाचोळा."

"बरं, पाचोळ्यावर काढू?"

"थोडे दिवस नको काढू."

तिने रांगोळीचा डबा कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार जितकं हळू लावता येईल तितकं हळू लावलं. आमच्याकडे आदळआपट होत नाही. त्यापेक्षा ती झालेली बरी.

पुढचे काही दिवस मी फार समाधानात होतो, आणि त्याचं कारण सांगायला आज मला लाज वाटते. मला वाटलं, न झाडलेल्या अंगणामुळे लेआउटमध्ये माझ्याबद्दल एक वेगळा आदर निर्माण झालाय. शेजाऱ्यांनी आमच्या फाटकात अर्धी उभी असलेली गाडी आपण होऊन पुढे नेऊन लावली. इतक्या वर्षांत जे भांडून, मिनतवारीने, सोसायटीच्या सभेत विषय काढून झालं नव्हतं, ते आपोआप झालं. मी त्यांना पायरीवरून हात केला तर त्यांनी हात जोडले आणि मान खाली घातली. शनिवारी त्यांच्याकडे जोरात गाणी लागतात, ती लागली नाहीत. रोज पहाटे फुलांची पुडी फाटकाला अडकवून जाणारी हूवाडगित्ती अक्का यायची बंद झाली. बायकोने दोन दिवस वाट बघितली आणि देवाला कुंडीतली सदाफुली वाहिली. म्हणाली, "हिला काय झालं? न सांगता बंद करत नाही ती." मी म्हटलं, आजारी असेल.

मला बाकी सगळ्याचा अर्थ लागत होता. पर्यावरणाचं भान लोकांना येतंय, असा लागत होता.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात माझे कारखान्यातले जुने सहकारी आणि त्यांची बायको. हे कोल्हापूरचे, तीन गल्ल्या पलीकडे राहतात, दर दिवाळीला येतात. आज दिवाळी नव्हती. ते पांढरा शर्ट घालून आले होते. वहिनींच्या हातात पिशवी, पिशवीत स्टीलचा मोठा डबा. पाचोळ्यातून दोघं अशी जपून पावलं टाकत आली, की मला भरून आलं. म्हटलं, चला, गवताची किंमत कळणारं कोणीतरी आहे.

"या या या!" मी ओरडलोच. "मी वाटच बघत होतो कोणीतरी येईल!"

ते दचकले. आत आले. बसले. चपला त्यांनी फाटकाजवळच काढल्या होत्या. मी पंखा लावला. ते जमिनीकडे बघत होते, वहिनी डब्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

"कळवलंसुद्धा नाहीत," ते हळू म्हणाले. "म्हैसूरवाल्यांकडून कळलं. आम्ही काय परके आहोत?"

"काय कळलं?"

"त्रास नाही ना झाला फार?"

"कोणाला?"

आता वहिनींनी नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं, की धक्का बसलेल्या माणसाचं असंच होतं, बोलू नका. तेवढ्यात आतून बायको कपाळाला कुंकू, हाताला कणीक, अशी बाहेर आली. "अगंबाई, तुम्ही होय! बसा, चहा टाकते."

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. ती गेलेली नाही, मी गेलेलो नाही. गणित करून राहिलं कोण, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, आणि त्याच क्षणी पडदा सारून ते राहिलेलं गणित बाहेर आलं.

"कोण आलंय गं?" सासूबाई म्हणाल्या.

वहिनी ताडकन उभ्या राहिल्या. सहकारीही उभे राहिले. नुसतं खोलीत आल्याबद्दल इतका मान सासूबाईंना आयुष्यात मिळाला नसेल. त्या खुर्चीत बसल्या, दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं, मग त्यांची नजर डब्यावर गेली.

"त्यात काय हाय?"

वहिनींनी डबा थोडा मागे ओढला. "पिठलं... भाकरी," त्या म्हणाल्या.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे घरात कोणी गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, ओळखीचे, पिठलं-भाकरी घेऊन येतात आणि समोर बसून चार घास खायला लावतात. आणि सकाळी दारात सडा नाही, रांगोळी नाही, अंगणाला खराटा नाही, असं घर दिसलं की आत काय झालंय ते विचारावं लागत नाही. हे मराठी माणसाला कळतं, म्हैसूरच्या माणसाला कळतं, फुलं विकणाऱ्या अक्कालाही कळतं. सुतकातल्या घरी पूजा नसते, म्हणून तिने फुलं टाकायची बंद केली होती. सगळ्या लेआउटला कळलं होतं. कळलं नव्हतं ते एका तपासणी अधिकाऱ्याला.

सासूबाईंना कळायला मात्र क्षणही लागला नाही. "माझं पिठलं आणलंयसा व्हय?" त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की बायकोने पाठ चोळायला घेतली. "बरं झालं बाई. मेल्यावर कुठलं खायला मिळायलंय? वाढ गं. गरम हाय तवर."

आणि त्या जेवल्या. दोन भाकरी. वर "लसूण जरा कमी पडलाय" असा शेराही मारला. सहकारी पुन्हा पुन्हा माफी मागत होते, मी त्यांची मागत होतो, वहिनी तोंडाला पदर लावून हसू की रडू या विचारात होत्या. निघताना तर पंचाईत झाली. दुखवट्याच्या घरातून निघताना "येतो" म्हणायचं नसतं. एरवी म्हणायचं असतं. ते उंबरठ्यात उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं, आणि काहीच न बोलता पाचोळा तुडवत निघून गेले.

बायको हसली नव्हती. डबा घासून पालथा घातला आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या आईचं पिठलं आलं माझ्या घरात," ती म्हणाली. "ती समोर बसलेली असताना. तुमच्या गवतापायी."

आवाज चढला नव्हता आणि म्हणूनच मला पहिल्यांदा, त्या सगळ्या तमाशात, बरोबर जागी लागलं. सासूबाईंचं वय आम्हा दोघांना माहीत होतं. त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. मी ते सगळ्या लेआउटला वाचता येईल असं दारात लिहून ठेवलं होतं.

गौरी-गणपतीला अजून अवकाश होता, पण मी मुदतीचा विषय काढला नाही. मेस्त्रीला तिने फोन केला तेव्हा मीच तिला त्याचा नंबर शोधून दिला. मनातल्या मनात फणसाची क्षमा मागितली.

मेस्त्री म्हणाला, "नाळे बरतीनी, मेडम." उद्या येतो.

बंगळुरूत ज्यांनी घर बांधलंय किंवा नुसता नळ दुरुस्त केलाय त्यांना या वाक्याचा अर्थ माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. फोन केला तर त्याच्या मेहुण्याचं लग्न होतं. मग त्याच्या माणसाला ताप. मग पाऊस. मग ब्लॉक आणणारा टेम्पो होसूर रोडला अडकला, आणि माझ्या हिशेबाने आठवडाभर अडकूनच राहिला. बायको रोज सकाळी फोन लावायची. "येस्टु दिवसा नाळे, नाळे?" म्हणजे किती दिवस उद्या-उद्या, अशी तिची बेळगावी कन्नड आणि त्याची मंड्याकडची कन्नड यांची चकमक व्हायची आणि शेवट नेहमी त्याच्या "सरी मेडम, नाळे"वर. मी बाजूला बसून चहा प्यायचो. आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाने माझं काही वाकडं होत नव्हतं.

त्या दिवसांत येण्याजाण्यापलीकडे अंगणात कोणी पाऊल टाकलं नाही. रांगोळी दाराच्या आतल्या फरशीवर काढली जात होती. ती रस्त्यावरून नीट दिसावी म्हणून दार दिवसभर उघडं असायचं, आणि उंबरठ्याजवळच्या खुर्चीत सासूबाईंना बसवलं जायचं, म्हणजे कोणाला शंका नको. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून त्या हात हलवायच्या. अक्का फुलं टाकायला लागली. शेजाऱ्यांची गाडीही परत फाटकात अर्धी आली. अंगण कसं झाडायचं, ब्लॉकच तर बसणारेत, असं म्हणून बायकोने झाडलं नाही. माझी तर बघायची हिंमत नव्हती. रविवार येऊन गेले, मी काही उपटलं नाही.

आणि मग एका दिवशी, खरोखर, टेम्पो आला. मेस्त्री उतरला, दोन माणसं उतरली, फावडी उतरली. बायको पायरीवर उभी राहिली, मी तिच्या मागे. मेस्त्रीने फाटकापासून पाचोळा ओढायला सुरुवात केली. चारसहा हात ओढला असेल, थांबला, आणि फावडं टेकवून म्हणाला, "मेडम, इल्ली हुल्लु इदे."

गवत होतं. ओल्या पानांच्या वर लाटांच्या कडा, पानांखालून धावलेल्या बारीक काड्या, प्रत्येक पेराला मुळं फुटलेली, पुढचं पेर आणखी पुढे. फणसाच्या बुंध्याभोवती तर हिरवी गादीच. मी जिथे मशागत केली होती त्या वाफ्यात सगळ्यात कमी होतं, हेही दिसत होतं. मी बघितलं नाही असं केलं.

"तेगीला?" मेस्त्रीने विचारलं. काढू का?

मी बोलणार होतो. आंबा, मुळं, मातीचा श्वास, सगळं भाषण घशाशी आलं होतं. बायकोने मागे न बघताच हात वर करून मला थांबवलं. "स्वल्प निल्ली," जरा थांबा, असं ती मेस्त्रीला म्हणाली आणि खाली उतरली. रात्रभर पाऊस झाला होता. ती चप्पल घालून त्या गवतावर उभी राहिली. एका पायावर जोर देऊन बघितला, मग दुसऱ्या. टाच फिरवून बघितली, मुद्दाम घसरायचा प्रयत्न केल्यासारखी. मग चप्पल काढून उलटी केली आणि तळ बघितला. तळाला दोन बिया होत्या. चिखल नव्हता.

"आई," ती म्हणाली, "उतरतेस?"

"मला धरायला लागतंय," सासूबाई म्हणाल्या. "पण फाटकापात्तूर मला फरशी पायजे. गवतातनं चालायला मी काय म्हस हाय?"

बायकोने मेस्त्रीला फाटकापासून दारापर्यंत हाताने एक पट्टा दाखवला. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा. "इष्टे साकू." एवढंच बस. मेस्त्री म्हणाला, टेम्पो भरून माल आणलाय मेडम. ती म्हणाली, इतके दिवस कुठे होतात, तिथेच परत न्या. मला त्याची थोडी दया आली; तो वेळेवर आला असता तर त्याचा सगळा माल खपला असता आणि आमचा फणस गेला असता.

आता तो पट्टा रोज झाडला जातो, त्याच्यावर सडा पडतो, रांगोळी निघते. सासूबाई त्यावरून काठी टेकत फाटकापर्यंत जाऊन येतात आणि दोन्ही बाजूंच्या गवताला "काय ते रान माजवलंय" म्हणून नावं ठेवतात. पानं गवतात पडतात आणि पडूनच राहतात.

पट्टा झाडायचं काम माझ्याकडे आहे. गवतात पाऊल टाकायचं नाही, पाणी घालायचं नाही, खत नाही, मुळं बघायची नाहीत, अशी बायकोची सक्त ताकीद आहे, आणि ती पाळली जाते की नाही, हे पुढच्या खोलीच्या खिडकीतून बघितलं जातं. परवा एक वाळकं पान अगदी कडेला, पट्ट्यापासून वीतभर आत, गवतावर आडवं पडलं होतं. खालची पात दबलेली होती, मला दिसत होतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि खराट्याचं टोक हळूच पुढे सरकवलं.

"अहो," खिडकीतून आवाज आला. "हात मागे."